वर्गणीतला हिमालय

हिमालयातल्या मोहिमेला सगळ्यात आधी लागतं ते पावतीपुस्तक. दोर, आइस ॲक्स, तंबू, फेदर जॅकेट ही मंडळी फार नंतर येतात. मी सांगते आहे ते सत्तरच्या दशकातल्या गिरगावातलं, आणि सांगते आहे ती खजिनदार म्हणून. आयुष्यभर बँकेत लेजरं भरली, त्यामुळे आमच्या छोट्या संस्थेतही पैशाची वही आपोआप माझ्याकडे आली. गिर्यारोहणाचे इतिहास मी पुष्कळ वाचले. ते शिखरावर सुरू होतात आणि शिखरावरच संपतात: अमुक साल, तमुक उंची, झेंडा, फोटो. वही हातात असलेल्या माणसाला तोच इतिहास उलट्या बाजूनं दिसतो. त्या बाजूला बर्फ नाही. तिथे जिन्याखाली ठेवलेल्या चपला आहेत, चहाचे कप आहेत आणि ‘मागल्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे’ आहे.

माझं एक ठाम मत आहे. मुंबईच्या मराठी मध्यमवर्गाला हिमालयावर चढवलं ते गणपती मंडळानं. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला, तेव्हापासून गिरगावातल्या वाड्यावाड्यांत एक विद्या मुरत गेली: अनोळखी दारावर टकटक करून वर्गणी मागायची, पावती फाडायची, कार्यकारिणी निवडायची, रुसलेल्याला उपाध्यक्ष करायचं, स्मरणिका काढून तिच्यात जाहिराती घ्यायच्या आणि शेवटी पैचा हिशेब फळ्यावर लावायचा. आमच्यातल्या कुणालाही आइस ॲक्स धरता येण्याआधी हे सगळं येत होतं. दार्जिलिंगच्या किंवा मनालीच्या संस्थेत दोराच्या गाठी शिकवतात. दहा माणसांची मोट महिनाभर कशी बांधून ठेवायची, ते आम्ही मांडवाखाली शिकलो होतो.

त्याआधीचा हिमालय म्हणजे बद्रीकेदार. आमच्या आजीच्या पिढीत तिकडे निघायचं ते घरची निरवानिरव करून, साठीनंतर. काकासाहेब कालेलकर १९१२ साली तरुणपणी पायी हिमालय हिंडले आणि पुढे गुजरातीत त्यावर पुस्तक लिहिलं, पण तीही वाट साधनेचीच. डोंगर डोंगरासाठी चढायचा हे आपल्याकडे नवंच होतं. १९५१ साली डेहराडूनच्या डून स्कूलमधले शिक्षक गुरदयाल सिंग त्रिशूळ (७,१२० मीटर) चढले, आणि भारतीय गिर्यारोहणाची सुरुवात बहुतेक जण तिथून मोजतात. २९ मे १९५३ ला तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट निघाली, आणि त्याच १९५४ मध्ये मुंबईत ‘गिरिविहार’ ही संस्था उभी राहिली. मुंब्र्याच्या कड्यांवर, कान्हेरीच्या दगडांवर पोरं दोर लावून चढायला लागली.

मुंबईकरांना आणखी एक गोष्ट ठाऊक असायला हवी, ती सहसा नसते. भारतीयांची पहिली आठ हजारी मोहीम १९५८ साली च्यो ओयूवर गेली, तिचे नेते केकी बुनशा हे मुंबईचे वकील. १५ मे रोजी सोनम ग्यात्सो आणि पासांग दावा लामा ८,१८८ मीटरच्या त्या माथ्यावर पोहोचले. दार्जिलिंगच्या संस्थेचे पहिले प्राचार्य नंदू जयाल याच मोहिमेत गेले. पण मला या प्रकरणात रस आहे तो वेगळ्याच कारणानं. मोहिमेसाठी दिल्लीत एक प्रायोजक समिती नेमली गेली, आणि ती समितीच पुढे इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशन झाली. म्हणजे देशातली सर्वोच्च गिर्यारोहण संस्थासुद्धा मुळात पैसे आणि परवानग्या गोळा करायला जमलेली कमिटीच!

मग मराठी पोरांचे लोंढे सत्तरच्याच दशकात तिकडे का निघाले? धाडस, सह्याद्री, शिवाजी महाराज ही उत्तरं स्मरणिकेच्या पहिल्या पानासाठी ठीक आहेत. वहीतलं उत्तर साधं आहे: रजा. १९५६ साली एलआयसी झाली. १९ जुलै १९६९ ला चौदा बँका सरकारी झाल्या, त्यांच्या शाखा भराभरा वाढल्या आणि भरतीही. गिरगाव, दादर, पार्ल्याच्या पदवीधर मुलामुलींना पहिल्यांदाच कायम नोकरी, साठवता येणारी पीएल आणि वर प्रवासभत्ता मिळाला. हिमालयातल्या सहा हजारी शिखराला मुंबईहून जाऊन येऊन महिना लागतो. असा महिना कुणाकडे होता? कारकुनांकडे. लालबाग-परळची गिरणी कामगारांची पोरं सह्याद्रीत आमच्या पुढे पळायची. काही तर अनवाणी चढायची. पण बदली कामगाराला महिनाभराची रजा कोण देणार? त्यांच्यातला एक जण मला म्हणाला होता, “ताई, तुमचा हिमालय मस्टरवर सही करून भेटतो. आमचा खाडा धरतात.” पुढे जानेवारी १९८२ चा संप झाला आणि तो प्रश्नच भलत्या रीतीनं मिटला. आमच्या खेळाच्या इतिहासात हे कुणी लिहीत नाही, म्हणून लिहिते.

आमची सभा भरायची ती मुगभाटातल्या एका दहा बाय बाराच्या खोलीत, शनिवारी संध्याकाळी. खोलीचे मालक-मालकीण गॅलरीत खुर्च्या टाकून बसायचे. शिखर ठरलं देव टिब्बा. कुलू खोऱ्यात, मनालीच्या अलीकडे जगतसुख नावाचं जुनं गाव आहे, तिथून वर जायचं. उंची ६,००१ मीटर. हा शेवटचा एक मीटर आमच्या लीडरला फार प्रिय, कारण ‘सहा हजारांवर’ असं जाहिरातदारांना सांगता येत असे. १९५२ साली दे ग्राफ पती-पत्नी आणि बेरिल हे तिघं त्यावर पहिल्यांदा पोहोचले. पहिल्या चढाईत एक बाई होती, हे मी आईला दोनदा सांगितलं. आई म्हणाली, “तिचा नवरा बरोबर होता ना?”

परवानगीसाठी दिल्लीला पत्र. सोबत शिखराची फी, सभासदांची यादी, प्रत्येकाचं वैद्यकीय प्रमाणपत्र आणि वडिलांचं संमतिपत्र. पस्तिशीतल्या, दोन मुलांच्या बापाकडूनही वडिलांचं संमतिपत्र घेतलेलं मला आठवतं, कारण सेक्रेटरीनं छापील नमुना एकच काढला होता. नकाशा ही दुसरी डोकेदुखी. सीमाभागाजवळचे सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे सहजासहजी मिळत नसत. अमेरिकी लष्करानं पन्नाशीच्या दशकात काढलेल्या यू-५०२ मालिकेच्या फोटोप्रती या क्लबातून त्या क्लबात फिरायच्या. अडीच लाखाला एक असं प्रमाण, म्हणजे नकाशावर एक सेंटिमीटर तिथे प्रत्यक्ष अडीच किलोमीटर. प्रतीची प्रत काढून काढून उंचीच्या रेषा इतक्या पुसट झालेल्या, की कडा कुठे आणि पठार कुठे यावर दोन-दोन तास वाद चालायचा. मग आधी गेलेल्या संस्थांचे अहवाल मिळवायचे, हिमालयन जर्नलचे जुने अंक चाळायचे, आणि जमलं तर तिथे जाऊन आलेल्या माणसाला गाठायचं. त्या माणसाची एक कप चहावर घेतलेली मुलाखत साऱ्या नकाशांपेक्षा कामाची ठरायची. पाणी कुठे, हमाल कुठल्या गावचे, कुठल्या घळीतून दुपारी दगड येतात, हे नकाशात नसतं.

पैसे उभे राहिले ते नाटकातून. साहित्य संघाच्या भालेराव नाट्यगृहात एक चालतं नाटक विकत घेतलं, म्हणजे नाटक कंपनीला ठरलेली रक्कम देऊन प्रयोग आपल्या नावावर लावला, आणि तिकिटं चढ्या भावानं आपण खपवली. शाळेला, देवळाला, पूरग्रस्तांना मदत म्हणून गिरगावात हा प्रकार सर्रास चाले. आम्ही तो डोंगराला लावला. मध्यंतरात लीडरला स्टेजवर उभं करायचं होतं, तर कुणीतरी सुचवलं की त्यानं बर्फातला पूर्ण पोशाख करून यावं. एप्रिलमधली मुंबई. अंगावर पिसांचं जॅकेट, लोकरीची टोपी, डोळ्यांवर काळा गॉगल. तो तीन मिनिटं बोलला आणि विंगेत जाऊन खाली बसला. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी तिथल्या तिथे पन्नास रुपये दिले. पावतीवर ‘देणगीचे कारण’ या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हातानं ‘दया’ असं लिहिलं. ती स्थळप्रत मी जपून ठेवली होती.

अंदाजपत्रकात एक कलम असं होतं की ज्यावर सभेत आवाज चढायचे: आपत्कालीन निधी. हरीश कापडिया, कापडाच्या धंद्यातला मुंबईचाच माणूस आणि पुढे हिमालयन जर्नलचा वर्षानुवर्षांचा संपादक, १९७४ साली नंदादेवी परिसरातल्या देवतोलीच्या मोहिमेत हिमभेगेत पडले. खुब्याचा सांधा निखळला. सोबत्यांनी त्यांना तेरा दिवस वाहून बेस कॅम्पला आणलं आणि तिथून हेलिकॉप्टरनं नेलं. त्यानंतर ते दोन वर्षं कुबड्यांवर होते, आणि मग पुन्हा हिमालयात गेले. ही हकिगत कळल्यावर आमच्या सभेत कुणी शौर्यावर बोललं नाही. चर्चा झाली ती अशी: तेरा दिवस एका माणसाला उचलायला किती माणसं लागतील, ती खातील काय, आणि हे पैसे कुठल्या खात्यातून काढायचे. मला हीच चर्चा जास्त भरवशाची वाटते. मी ते कलम कापू दिलं नाही. त्यापायी दोन नवे तंबू आले नाहीत, आणि एका सभासदाचा अबोला बराच काळ मिळाला.

आता बर्फाचं. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी बर्फ पाहिला होता तो उसाच्या रसात. ज्यांनी मनालीच्या संस्थेचा बेसिक कोर्स केला होता, मी धरून, त्यांना माहीत होतं की खरा त्रास थंडीपेक्षा मऊ बर्फाचा. पहाटे बर्फ घट्ट असतो, क्रॅम्पॉनचे दात खाडकन बसतात. उन्हं चढली की तोच बर्फ आतून भुसभुशीत होतो आणि पाठीवर ओझं घेतलेला माणूस गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत रुततो. पाय काढायचा, पुढे टाकायचा, पुन्हा रुतायचा. देव टिब्ब्याच्या माथ्याखाली, दुहांगण खिंडीच्या वर, अफाट पसरलेलं हिमपठार आहे. जाऊन आलेला माणूस म्हणाला होता, “कडा चढाल हो, पठारावर मराल.”

सराव म्हणून आम्ही पहाटे चौपाटीवर जमायचो. पाठीवर वाळूच्या पिशव्या भरलेली सॅक, पायात हंटर शूज, आणि कोरड्या वाळूतून, पाण्यापासून लांब जिथे पाय खोल जातो तिथून, या टोकापासून त्या टोकाला. मग मलबार हिलच्या पायऱ्या. फिरायला आलेले पेन्शनर पहिल्या आठवड्यात हसले, दुसऱ्या आठवड्यात त्यांनी सल्ले दिले, आणि तिसऱ्या आठवड्यात त्यातल्या एका डॉक्टरांनी आमच्या नाड्या मोजायला सुरुवात केली. मोहिमेचा मानद वैद्यकीय सल्लागार आम्हाला असा मिळाला.

रुतण्यावर कॅनडा-अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी फार जुना तोडगा काढून ठेवला आहे. तो आम्हाला न्यू मरीन लाइन्सच्या अमेरिकन लायब्ररीत एका सचित्र पुस्तकात सापडला. लाकडाची वाकवलेली चौकट, तिच्यात कातडी वाद्यांची वीण, आणि मध्ये बूट बांधायचा. स्नो-शू. दिसायला टेनिसच्या रॅकेटसारखा. तत्त्व इतकंच, की वजन तेवढंच राहतं पण बुटाच्या तळव्याच्या पाच-सहापट जागेवर पसरतं, आणि माणूस वर राहतो. भारतात ते विकत मिळण्याचा प्रश्नच नव्हता. कुलूच्या लोकांची भांगाच्या धाग्यांची पुला आणि काश्मीरची भाताच्या पेंढ्याची पुल्होर ही पायताणं ऊब देतात, घसरू देत नाहीत, पण रुतणं थांबवत नाहीत. तेव्हा गिरगावात बनवायचे असं ठरलं.

एका बुरूडकाकांना पुस्तकातल्या चित्राची नक्कल दाखवली. त्यांनी चित्र उभं धरलं, आडवं धरलं आणि विचारलं, “हे सुपाचं काय केलंय?” जाड वेत भिजवून, आचेवर वाकवून त्यांनी चौकटी करून दिल्या. विणायला धोबीतलावावर. तिथल्या खेळाच्या दुकानांत रॅकेटला गटिंग करणारे कारागीर बसायचे. त्यातल्या एकानं नायलॉनच्या दोरीनं अशी घट्ट वीण घातली, की बोटानं छेडली तर वाजायची. त्यानं फक्त एकच विचारलं: कुठल्या खेळाचं आहे? बांधायला मुंजीतल्या सोवळ्यापासून सायकलच्या ट्यूबपर्यंत सगळं सुचवून झालं. शेवटी चपलांच्या कारागिराकडून कातडी पट्टे आणि बकलं. अशा दोन जोड्या. चौपाटीच्या वाळूत त्या अंगठ्याइतक्याही रुतल्या नाहीत, आणि त्या पहाटे आमच्या लीडरच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते पुढे शिखराच्या फोटोतही नाही.

रेशनबद्दल मला जास्त सांगावंसं वाटतं, कारण ते खातं माझंच. माणशी रोज पाऊण ते एक किलो कोरडं अन्न, हे गणित सगळ्या संस्थांत चालायचं. पण काय? पाच हजार मीटरवर पाणी त्र्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं. तूरडाळ तिथे तासभर उकळली तरी दाणा न दाणा वेगळा राहतो. प्रेशर कुकर ही तिथे चैन नव्हे. शिवाय उंचीवर भूक मरते, तोंडाची चव जाते, आणि पोषणाच्या तक्त्यात उत्तम ठरलेलं अन्न कुणी तोंडात घालत नाही. म्हणून मी गिरगावाला शरण गेले. मेतकूट, भाजणी, सातूचं पीठ, डिंकाचे लाडू, आंबापोळी, कोकम, बेडेकरांचं लोणचं. १९१० पासून गिरगावात चालत आलेल्या त्या लोणच्याची बरणी उंच तळावर काट्या-चमच्यांपेक्षा जास्त जपली जायची. चाळीतल्या बायकांनी लाडू वळले. साखर रेशनवर होती, तेव्हा प्रत्येक बिऱ्हाडानं आपल्या कार्डातली वाटीभर काढून दिली. ही देणगी मी वहीत रुपयांत लिहिली नाही, वाट्यांत लिहिली. ऑडिटरला ते आवडलं नाही.

बांधाबांध गॅलरीत. एका दिवसाचं, एका तंबूचं, अशा पुड्या. पॉलिथिनच्या पिशवीचं तोंड हॅकसॉच्या पात्यावर दुमडायचं आणि मेणबत्तीच्या ज्योतीवरून सरकवायचं, की ते चिकटतं. मेणबत्ती जवळ गेली तर भोक, लांब राहिली तर उघडं. चाळीतल्या शाळकरी मुली यात पटाईत झाल्या आणि आमचे दोर चढणारे वीर त्यांच्या हाताखाली पिशव्या भरू लागले. पुड्यांवर रंगीत पट्ट्या: बेस कॅम्प हिरवी, पहिला तळ पिवळी, वरचा तांबडी. मग बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत, आणि डबे गोणपाटात शिवून हमालाला झेपेल अशी ओझी. गॅलरीतून नळावर जायला आठवडाभर वाट नव्हती. तरी कुणी तक्रार केली नाही. एका आजोबांनी केली, पण ते गणपतीतही करायचे.

मुंबई सेंट्रलहून फ्रंटियर मेल, सामान ब्रेकव्हॅनमध्ये, अंबाल्याला उतरून चंडीगड, तिथून बस. रॉकेल गाडीतून नेता येत नाही, ते मनालीत घ्यायचं. तंबू आणि दोर मनालीच्या १९६१ साली स्थापन झालेल्या संस्थेतून भाड्यानं. आकाशवाणीला आधीच अर्ज केलेला, त्यामुळे दिल्लीहून मोहिमांसाठी प्रसारित होणाऱ्या खास हवामान वृत्तात आमच्या मोहिमेचं नाव यायचं. खरखरणाऱ्या ट्रान्झिस्टरवर ते ऐकताना पुढचा अंदाज काय आहे याकडे कुणाचं लक्षच नसायचं.

शिखराचं थोडक्यात सांगते. दोघं पोहोचले, मी नव्हते. मी पठारापर्यंत गेले. स्नो-शूंनी सपाटीवर कमाल केली. पुढचा गडी ते घालून चालला की मागच्यांसाठी पायवाट दाबली जायची आणि ओझी वर पोहोचवण्याचा वेळ बराच वाचला. पण चढ लागला, विशेषतः तिरकं जायचं आलं, की वेताची गुळगुळीत चौकट सरळ खाली घसरायची. खालून पकडायला दात नव्हते. तिथे ते काढून पाठीला बांधायचे आणि पुन्हा मांडीभर बर्फ. एका चौकटीची वीण सुटली तेव्हा आमच्याबरोबरच्या कुलूच्या हमालानं चार गाठी मारून ती दहा मिनिटांत सांधली. त्या माणसाचं नाव, गाव आणि मजुरी माझ्या वहीत आहे. छापील अहवालात ‘स्थानिक हमालांचे मोलाचे सहकार्य लाभले’ एवढंच आहे. मुंबई-पुण्याच्या मोहिमांचे अहवाल काढून पाहा, बहुतेकांत हेच वाक्य सापडेल. मजुरी चुकती केल्याचे अंगठे मात्र आमच्याकडे ओळीनं आहेत.

त्यानंतर मोहिमा मोठ्या होत गेल्या. १९८८ साली गिरिविहारची माणसं थेट कांचनजुंगावर गेली, ८,५८६ मीटर. १९९८ च्या मेमध्ये सुरेंद्र चव्हाण तिबेटच्या बाजूनं एव्हरेस्टवर पोहोचले, महाराष्ट्रातले पहिले. पुढे पुण्याच्या गिरिप्रेमीनं २०१२ पासून एकामागून एक आठ हजारी शिखरं घेतली. तोवर पैसा कंपन्यांकडून येऊ लागला होता. गिरगावही रिकामं होत होतं. आमच्या कार्यकारिणीतले लोक बोरिवली, डोंबिवली, ठाण्याला गेले. शनिवारच्या सभेला कोरम होईना, आणि ज्या खोलीत नकाशावर वाद घातले तिच्या जागी आता टॉवरचं पार्किंग आहे. याचं मला फार वाईट वाटतं असं नाही. चाळीत आठ बिऱ्हाडांना एक संडास होता, हे गहिवर काढणारे विसरतात.

भाची सिॲटलला असते. गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला: त्यांच्याकडची दहा-बारा मराठी मंडळी स्नो-शू घालून माउंट सेंट हेलन्स चढायचं म्हणताहेत, “मावशी, माणशी खाणं किती धरायचं गं?” हा ज्वालामुखी. १८ मे १९८० ला फुटला, तेव्हा डोक्यावरचे चारशे मीटर उडून गेले. आता २,५४९ मीटर उरला आहे. उंची आपल्या हिशेबानं किरकोळ, पण हिवाळ्यात पायथ्यापासून एका दिवसात सतराशे मीटर चढून उतरायचं, हे किरकोळ नाही. तिनं मला त्यांचा तक्ता पाठवला. कोण गाडी आणणार, कोणाकडे जादा काठ्या, कोणाला शेंगदाणे चालत नाहीत. त्यांचे स्नो-शू ॲल्युमिनियमचे, खाली पोलादी दात, आणि चढावर टाच उचलून धरणारी तारेची कडी. आमच्या वेताला जे जमलं नाही तेच नेमकं! प्रत्येकाच्या छातीवर एक यंत्र, जे गाडला गेलात तरी बर्फाखालून संदेश देत राहतं. सोबत शोधकाठी आणि फावडं. तिथल्या हिमस्खलन केंद्राचा रोजचा अंदाज पाच पायऱ्यांत येतो. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर धोका सर्वाधिक, हे त्यांना पाठ आहे. आपल्याकडेही मनालीत १९६९ साली बर्फ आणि हिमस्खलनाचा अभ्यास करणारी संरक्षण खात्याची संस्था निघाली, पण तिचं काम मुख्यतः लष्करासाठी. आम्ही उताराचा कोन अंगठ्यानं मोजायचो.

मी तिला सांगितलं: एका दिवसाला खाण्याचं गणित लागत नाही, परतायच्या वेळेचं लागतं. किती वाजता, कुठेही असलात तरी मागे फिरायचं, ते आजच लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. वर विवराच्या काठावर बर्फाची पोकळ कड पुढे आलेली असते, तिच्यावर फोटोला कोण जाणार नाही हेही लिहा. आणि दहा-बारा जणांत हळू चालणारा कोण आहे ते आधी ठरवून त्याला पुढे ठेवा. तिनं हे सगळं तक्त्यात घातलं. सह्यांचा रकाना मात्र तिला जुनाट वाटला. गटात अंगठा दाखवला की झालं म्हणाली. मी म्हटलं, हमालांचेही अंगठेच होते, पण कागदावर.

मग तिनं विचारलं, त्या वेताच्या जोड्यांचं पुढे काय झालं?

त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत विषय क्रमांक चार होता ‘जमाखर्चास मंजुरी’. लीडरचं शिखरावरचं भाषण आटोपून अर्धा तास झाला होता, लोक चहाकडे बघत होते. तेवढ्यात एक ज्येष्ठ सभासद उठले. स्नो-शूंचा खर्च ‘साहित्य दुरुस्ती’ या कलमाखाली का दाखवला? वस्तू नवी असेल तर ती मालमत्ता. तिच्यावर घसारा धरायला हवा. मी म्हटलं, दर वर्षी दहा टक्के धरते. ते म्हणाले, वेताला दहा कसे, वेताला पंधरा. दुसरे म्हणाले, एक जोडी उसवली आहे, ती निर्लेखित करा. त्याला अनुमोदन मिळालं, मग विरोध झाला, मग उसवलेली जोडी सभेपुढे आणून दाखवावी अशी सूचना आली. हमालानं मारलेल्या चार गाठी हातोहात फिरल्या. वस्तू वापरण्याजोगी आहे असं सभेचं मत पडलं, आणि दोन्ही जोड्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये पंधरा टक्के घसाऱ्यानं चढवाव्यात असा ठराव बहुमतानं संमत झाला. सूचक, अनुमोदक, सह्या. विषय क्रमांक पाच, पुढील वर्षीचं शिखर, वेळेअभावी तहकूब.